ड्रायव्हरच्या मागची खिडकी

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

जिने एकतीस, त्यातले दोन वळणाचे. आमच्या घरातलं सगळं लाकूडकाम. पुढचं फाटक, जे बर्मिंगहॅमच्या पावसात फुगून एकदाही घासलेलं नाही. मुलीचा, म्हणजे सान्वीचा, पलंग. ती केंब्रिजला गेली तेव्हा उघडून नेला आणि तिथे पुन्हा जोडला, एकही स्क्रू उरला नाही. मंडळाच्या गणपतीचं मखर, जे घडी होऊन एका पिशवीत मावतं. अण्णांच्या बाथरूममधले आधाराचे दांडे. आणि परवा शनिवारी संपलेली, व्हॅनच्या सरकत्या दारातली खिडकी.

खिडकीलगतचं आसन मी मोजत नाही. ते चाचणी झालेलं, तयार आणलं. त्याच्या बोल्टखालच्या पोलादी पट्ट्या मात्र माझ्या.

हे सगळं माझ्या हातचं, आणि कोणी शिकवलेलं नाही. साताऱ्यात बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, लग्न करून इथे आलो, गोदामात खोकी उचलली आणि लायब्ररीतली पुस्तकं वाचून सुतारकाम शिकलो. आता दाराशी उभ्या असलेल्या व्हॅनवर माझं नाव आहे.

ही वही खरं तर आमच्या अकाउंटंट श्रद्धामुळे. पुण्याची मुलगी, हुशार. ती म्हणाली, "काका, व्हॅन धंद्याची म्हणून आपण तिच्यावरचा सगळा व्हॅट परत घेतलाय. आता घरच्या कामाला जितकी वापराल तितक्या हिश्श्यावर आपला हक्क नाही. घरच्या फेऱ्या लिहून ठेवत जा." लिहितो. पण नवीन वहीची सुरुवात हॉस्पिटलच्या फेरीने करायला हात धजेना.

तर आजची फेरी: घर ते हॉस्पिटल आणि परत. घरची.

अण्णा म्हणजे माझे सासरे, शशिकांत. वय चौऱ्याऐंशी. इथल्या मोटार कारखान्यात तीस वर्षं शेवटच्या तपासणीवर होते. त्यांनी पास केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. जुलैपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. खुब्याच्या ऑपरेशननंतर पुढच्या सीटवर चढणं त्यांना जमत नाही, सरकत्या दाराची पायरी जमते. पण आत बंद डब्यात बसलं की चक्कर येते. म्हणून खिडकी.

ऑगस्टमध्ये हे ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, "हे काम गॅरेजला द्या, जावईबापू." नुसतं म्हणून थांबले नाहीत, फोन करून भावही काढला. खिडकी आणि आसन बसवायचे आठशे वीस पौंड. मी म्हटलं, मी करीन. ते म्हणाले, "पत्रा आहे तो. लाकूड नाही."

आज ते पहिल्यांदा बसले. अंगठ्याचं नख रबराच्या कडेवरून पूर्ण एक फेरी फिरवलं. मग बाहेर बघत बसले. जाताना एक अक्षर नाही, येताना नाही.

कोपऱ्यात फट असती तर लगेच बोलले असते. नाहीये. मी तीनदा बघितलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

घरची फेरी. अण्णा आजही गप्प. उतरताना काचेवरचा आपल्या बोटाचा डाग स्वतःच्या रुमालाने पुसला. माझ्या पुसण्यावर विश्वास नसावा.

शनिवार, १३ सप्टेंबर

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हॅनचे फोटो टाकले. आधीचा पत्रा, मग कागदाचा साचा, मग कापलेलं भोक, घासलेली कड, प्रायमर, रबर, काच. खाली लिहिलं: "स्वहस्ते. गॅरेजचा भाव ८२०. खर्च १९०." संध्याकाळपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. यतीनने लिहिलं, "कमलाकरशेठ, आता सनरूफ." त्याला सांगितलं, सनरूफला पाणी मुरतं.

रविवार, १४ सप्टेंबर

श्रद्धाचा फोन. रविवारी ती कधी करत नाही.

"काका, ग्रुपवरचे फोटो बघितले. ती आपली व्हॅन ना?"

"मग कोणाची?"

"खिडकी कधी लावली?"

"तीस ऑगस्टला. का, तुला पण करून हवी?"

ती हसली नाही. म्हणाली, "काका, काम सुंदर झालंय. पण तुम्ही व्हॅनची कार केली आहे."

मी म्हटलं, चार चाकं आधीपासून होती.

मग तिने समजावलं. व्हॅन धंद्यासाठी घेतली की तिच्यावर भरलेला व्हॅट परत मिळतो. कारवरचा मिळत नाही. कारण कार घरी वापरली जाते, हे सरकारने गृहीत धरलंय. आणि कार कशाला म्हणायचं तर ड्रायव्हरच्या मागे छताखाली जागा असेल आणि तिला बाजूला खिडकी असेल, तर ती कार.

"अगं, एकच खिडकी. एकाच बाजूला."

"पुरते तेवढी."

"आणि ती आजारी माणसासाठी आहे."

"माहितीये, काका. पण कायदा खिडकी बघतो, माणूस नाही बघत. एक टन किंवा जास्त माल वाहणारी व्हॅन असती तर सुटलो असतो."

आमची आठशे चाळीस किलोची. मोठी घेणार होतो, पण अण्णांच्या तपासण्या तेव्हाही चालू होत्या आणि हॉस्पिटलच्या पार्किंगचा उंचीचा दांडा आडवा आला.

"मग आता?"

"स्वतःच स्वतःला कार विकली, असं धरून व्हॅट भरायचा. सहा महिन्यांचीच गाडी आहे. परत घेतला होता जवळजवळ तेवढाच धरून चाला. चार हजार दोनशे ऐंशी. सप्टेंबरच्या तिमाहीत येईल, सात नोव्हेंबरपर्यंत भरायचा."

इन्शुरन्स कंपनीला मी आधी कळवलं होतं. गाडीच्या नोंदणीवाल्यांना कळवलं होतं. फोटो, मापं, बोल्टची जाडी, सगळं. एकच कचेरी राहिली. तीही सुटली नसती, पण मला वाटलंच नाही की खिडकीवर व्हॅटवाल्यांचं काही मत असेल.

फोटो डिलीट केले. पाच मिनिटांत यतीनचा मेसेज, "शेठ, फोटो कुठे गेले? गॅरेजवाल्याने धमकी दिली काय?"

मंगळवार, १६ सप्टेंबर

सटन कोल्डफील्डला जिन्याचं माप घ्यायला गेलो. धंद्याची फेरी. पहिल्या पायरीची उंची तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. असं माझ्या बाबतीत होत नाही. घरमालकिणीने चहा दिला, तो तसाच ठेवून आलो.

घरी येऊन सरकारची ती नियमांची पुस्तिका छापून काढली आणि किचनमध्ये बसून वाचली. शब्दकोश लागला नाही. व्याख्या मात्र मान्य करावी लागेल. छप्पर, मागची जागा, बाजूची खिडकी. कुठे सैल नाही. ज्याने लिहिली त्याला सांधे जोडता येत असावेत.

निवेदिता शाळेतून आली. माझी बायको जन्मापासून इथली आणि मराठी तिचं तिच्या पद्धतीने आहे.

"कॅम, तो खिडकी काढून टाक ना. सिंपल."

"ती खिडकी."

"ती, तो. काढ. डॅडला आपण टॅक्सीने पाठवू."

"टॅक्सीत ते वाकून बसू शकत नाहीत."

"मग पे कर."

"वर्कशॉपसाठीची पट्ट्याची करवत, ते मोठं यंत्र, तेवढ्याचीच आहे. या वर्षी घ्यायचीच ठरली होती."

"मग काय करणार तू?"

मला काय माहीत. मी उठून व्हॅन बघून आलो.

गुरुवार, १८ सप्टेंबर

श्रद्धाला फोन. विचारलं, खिडकी बुजवली तर?

"ज्या दिवशी बसली त्या दिवशी कार झाली, काका. नंतर बुजवली तरी ते सांगावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर? ग्रुपवरून फोटो काढून टाकलेत मी."

ती म्हणाली, "मग तुमचं रिटर्न तुम्हीच भरा. मला नाही भरता येणार."

"बरं."

"काका, रागावलात?"

रागावलो नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. ढासळलेल्या जोत्यावर मी जिना बसवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

पण रिटर्न भरणं काही रॉकेट नाही. सुतारकाम पुस्तकातून शिकलो, तसं तेही शिकता येईल. हा विचार दिवसभर पायात घोटाळत होता.

रविवार, २८ सप्टेंबर

खिडकीच्या मापाचा पॅनेल केला. प्लायवूड, बाहेरून पांढरा पत्रा. आतून लावून बघितला. इतका नेमका बसला की काढायला काच उचलायचा सक्शन कप लावावा लागला. काचेआड पत्राच दिसतो, लांबून कोणी म्हणणार नाही इथे काही होतं.

तो वर्कशॉपच्या भिंतीला उभा केलाय. येताजाता दिसतो. चांगलं काम झालंय आणि बघवत नाही, असं पहिल्यांदा झालं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

घरची फेरी. अण्णांनी विचारलं, "जावईबापू, तब्येत बरी आहे ना? आज दोनदा गिअर चुकलात."

म्हटलं, बरी आहे.

"गिअरबॉक्सची तरी बघून घ्या."

यांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं की म्हणतील, गॅरेजला दिलं असतं तर. म्हणणारच. सव्वीस वर्षं मी जे केलं त्यात या माणसाला मिलिमीटर सापडला आहे. मखरात सापडला. फाटकात सापडला. लग्नात मी घातलेल्या कोटाच्या बाहीतसुद्धा सापडला होता.

रविवार, ५ ऑक्टोबर

पॅनेल लावला. आसन काढून वर्कशॉपमध्ये ठेवलं. अण्णांना सांगितलं, व्हॅनचं काम निघालंय, आठवडाभर हॉस्पिटलची गाडी येईल. ती मोफत असते, दारात येते, तिला मागून लिफ्ट आहे. कशातच खोट नाही.

"काय काम?" अण्णा.

"छोटंच आहे."

"छोट्या कामाला आठवडा?"

निवेदिता माझ्याकडे बघत होती. मी चहाचे कप उचलले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

हॉस्पिटलची गाडी पावणेसातला आली. अण्णा टाय लावून तयार होते. डायलिसिसला टाय लावणारा तिथे दुसरा पेशंट नसेल. मी फाटकाशी उभा होतो. ड्रायव्हर चांगला मुलगा, त्यांना हात धरून आत घेतलं.

आज वर्कशॉपमध्ये चौकटीचे चार तुकडे कापले, चारही परत कापावे लागले.

अण्णा अडीचला आले. एरवी मी त्यांना साडेबाराला आणतो. चेहरा राखेसारखा.

"कशी होती गाडी?"

"उत्तम. वाटेत सगळ्यांना घेत घेत जाते. एक बाई सारखी विचारत होती, आपण कुठे चाललोय. मी तिला प्रत्येक वळणावर सांगत होतो." मग म्हणाले, "खिडक्या सगळ्या बाजूंना आहेत. काच खडखडते. रबर सुटलंय."

मला टोमणा असावा. कशाबद्दल, ते कळलं नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज अण्णा गाडीतच ओकले. टायवर डाग. निवेदिताने टाय धुतला आणि सिंकपाशी उभी राहिली, नळ चालू.

"कॅम, तू डॅडला सांगितला?"

"नाही."

"का नाही?"

"ते म्हणतील—"

"तो काय म्हणणार ते तू ट्वेंटी-सिक्स इयर्स स्वतःच म्हणतो. त्याच्या वतीने. तो बोलतच नाही, तूच बोलतो."

"ते. वडिलांना ते म्हणतात."

"ते. फाइन. ते प्रत्येक वेळी घरी आले की मला शाळेत फोन करून सांगायचे, आज आम्ही कॅनॉल रोडने गेलो, आज हेरॉन दिसला. हेरॉन, कॅम. तुला माहिती होता?"

बगळा मला दिसला नव्हता. माझी नजर रस्त्यावर असते.

अण्णा माझ्याशी गाडीत बोलत नाहीत, ते बगळे बघत असल्यामुळे, हे मला नवीन. पण त्याचा खिडकीच्या कामाशी काय संबंध, ते अजून लक्षात येत नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पॅनेल काढला. सक्शन लावून, हळू. काच पुसली. आसनाचे बोल्ट परत आवळले, टॉर्क रेंच लावून.

कारण एकच. काम उत्तम आहे आणि उत्तम काम झाकून ठेवणं मला पटत नाही. बाकी काही नाही.

मग श्रद्धाला मेसेज केला. "कार झाली असं भर. तारीख ३० ऑगस्ट. चार वाजता शेवटची काच बसली, हवं असेल तर."

तिचं उत्तर: "वेळ लिहावी लागत नाही, काका. 🙏"

वर्कशॉपमध्ये पट्ट्याच्या करवतीसाठी मोकळी केलेली जागा झाडून काढली. तिथे पॅनेल उभा केला. पुढच्या वर्षी बघू.

रात्री जेवताना मात्र एक गोष्ट सुचली आणि घास तोंडात असताना हसू आलं. या देशात किती सुतारांच्या हातून, सरकारदरबारी नोंद होईल अशी, एक मोटारकार तयार झाली असेल? वहीचं पहिलं पान उघडून यादीत शेवटी लिहून ठेवलं: एक कार.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

घरची फेरी. अण्णा आत बसले, खिडकीशी नख फिरवलं. "काम झालं?"

"झालं."

"काय होतं?"

"कागदाचं होतं."

त्यांनी मान हलवली. कॅनॉलपाशी मी आपोआप हळू झालो. मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला. बगळा नव्हता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सान्वी केंब्रिजहून आली. अण्णांना शंकरपाळे नाहीत, पोटॅशियमचं बंधन. ते ताटाकडे बघून म्हणाले, "वास घ्यायला बंदी नाही ना?"

जेवणानंतर निवेदिताने माझ्यासमोरच सगळं सांगून टाकलं. व्हॅट, खिडकी, आकडा, पॅनेल. मी सान्वीच्या पलंगाविषयी बोलायला लागलो, पण तिघांनी ऐकलं नाही.

अण्णा बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत होते. टेबल माझंच. म्हटलं, आता येईल गॅरेज.

"मी पासष्ट साली आलो तेव्हाही हेच होतं," ते म्हणाले. "व्हॅट नव्हता, पर्चेस टॅक्स होता. एकाच लायनीवर खिडकीवाली आणि बिनखिडकीची. बिनखिडकीवर तो टॅक्स नाही. लोक बिनखिडकीची घ्यायचे आणि घरी काच बसवायचे. भयंकर बसवायचे." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही सांगितलंत त्यांना? स्वतःहून?"

"श्रद्धा भरतेय."

"श्रद्धाला तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"हं."

एवढंच. सान्वी म्हणाली, "आजोबा, से समथिंग नाइस." ते म्हणाले, "मी कुठे काही म्हणालो?"

बुधवार, ५ नोव्हेंबर

घरची फेरी. इथली आज फटाक्यांची रात्र, पण सकाळी साडेसातलाच कोणीतरी फटाके लावत होतं. अण्णा दचकले आणि मी आरशात बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. दोघांनी नजर काढून घेतली.

दिवसभर चैन नाही. परवा पैसे जाणार म्हणून नाही, ते ठरलेलं आहे. काहीतरी शिल्लक आहे असं वाटतंय, जसं जिना उभा राहिल्यावर खिशात एक स्क्रू सापडतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पैसे गेले. श्रद्धाचा मेसेज आठला आला.

घरची फेरी. डायलिसिस संपल्यावर अण्णांना पार्किंगमध्ये आणलं. मी दार सरकवलं, ते चढेनात.

"थांबा जरा."

काठी टेकत त्यांनी व्हॅनला फेरी मारली. चार तास मशीनवर असलेला माणूस, मी मागे हात धरून. मला म्हणाले, "हात सोडा, मध्ये येतोय." पुढून सुरुवात. बॉनेटची फट दोन्ही बाजूंनी. दार उघडून बंद, कान देऊन. मग खिडकीशी आले. वाकून काचेच्या रेषेत एक डोळा मिटून बघितलं, जसं मी फळी बघतो. रबराच्या चारही कोपऱ्यांवर नख. मग दाराच्या पत्र्यावर तळहात सपाट ठेवून उभे राहिले. मागे एक बाई गाडी काढायला थांबली होती, तिला मी हाताने थांबा म्हटलं.

"विकता?" अण्णा म्हणाले.

"काय?"

"गाडी. कार आहे ना आता. मी कार कधी घेतली नाही, कारखान्याची असायची. एक घ्यावी म्हणतो."

"अण्णा, तुम्ही चालवणार?"

"चालवणार तुम्हीच."

"मग बदललं काय?"

"मालक." मग काठी दुसऱ्या हातात घेतली आणि आकडा सांगितला. तोंडपाठ होता. घरून करून आणलेला असणार.

मी म्हटलं, नाही.

"भाव कमी वाटतो?"

"विकायची नाही. सोमवारी तुम्हाला आणायचंय."

"हं," म्हणाले, आणि चढले.

कॅनॉल रोडने आलो. मी आरशात बघितलं नाही, रस्ता बघत होतो. मागून आवाज आला, "डाव्या हाताला, जावईबापू. पाण्यात." मी गाडी बाजूला घेतली. बगळा एका पायावर होता. आम्ही दोघंही बघत होतो, ते खिडकीतून, मी आरशात त्यांच्या खिडकीतून.

घरी येऊन बेरीज केली. गाडी घेतली ती किंमत, व्हॅट सोडून, एकवीस हजार चारशे. आज भरलेला व्हॅट चार हजार दोनशे ऐंशी. मिळून पंचवीस हजार सहाशे ऐंशी. अण्णांचा आकडा त्याहून आठशे वीसने जास्त होता. ते आठशे वीस कशाचे, मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत.

नाकारलेला भाव: सव्वीस हजार पाचशे पौंड.